मूळ आकडा

मीटरमास्तरांनी आयुष्यातली पहिली नवीकोरी मोटरसायकल घेतली, तेव्हा त्यांचं वय होतं चौपन्न आणि गाडीच्या मीटरवर होते दोन किलोमीटर. त्या दोनांवरूनही त्यांनी शोरूममध्ये हुज्जत घातलीच.

"नवीन गाडी म्हणता, मग हे दोन कुठून आले?"

"काका, ट्रकमधून उतरवली, मागच्या गोडाउनमधून इथवर आणली. तेवढे होतातच," मेकॅनिक म्हणाला.

"दोनच ना पण? मागेबिगे घेतलेलं नाही ना?"

मेकॅनिकने मनात म्हटलं, सुटलाय म्हातारा. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की समोरचा गृहस्थ तीस वर्षं नेमका हाच उद्योग करत होता!

दाराएवढ्या रुंदीचं दुकान होतं मास्तरांचं. बाहेर पाटी 'स्पीडोमीटर दुरुस्ती', आत एक स्टूल, डोळ्याला लावायचं भिंग, आणि टेबलावर ओळीने मांडलेले चिमटे. दुरुस्ती व्हायची, नाही असं नाही. तुटलेली केबल, अडकलेला काटा, पावसाचं पाणी शिरून धुरकटलेली काच. पण दुकान चालायचं ते दुसऱ्याच कामावर. जुन्या गाड्या विकणारा दलाल सकाळी ऐंशी हजार किलोमीटर पळालेली गाडी आणून लावायचा आणि दुपारी बावीस हजार पळालेली घेऊन जायचा. गाडी तीच. मधल्या वेळात मास्तर मीटर उघडून आकड्यांची इवलाली चाकं चिमट्याने उचलायचे आणि हवी तशी बसवायचे. हात असा हलका, की काचेवर बोटाचा ठसा सापडायचा नाही.

आणि नुसता हात नव्हे, डोकंही. गोल आकडा ते कधी टाकत नसत. "वीस हजार म्हटलं की गिऱ्हाईक दचकतं. एकवीस हजार आठशे सदतीस म्हटलं की गाडीला आपुलकीने हात लावून बघतं," हे त्यांचं शास्त्र. त्याखेरीज या धंद्याचा एक कडक नियम होता, आणि तो ते अगदी सोवळ्यासारखा पाळायचे. मूळ आकडा लिहायचा नाही, बोलायचा नाही, डोक्यातही ठेवायचा नाही. चाकं हलली की जुना आकडा या जगात नव्हताच असं समजायचं. दलालाने कधी विचारलं, "मास्तर, ती निळी मुळात किती पळाली होती हो?" तर मास्तर निरागस तोंड करून विचारायचे, "कुठली निळी?"

घरी बायको म्हणायची, "अख्ख्या गावाच्या गाड्या तरुण केल्यात. माझं वय मात्र तुमच्याकडे आल्यापासून दुप्पट वेगाने पळतंय. त्याला काही चिमटा लावा की!"

मग गाड्यांना आकडे उजळणारी मीटरं आली. आत चाक नाही, दात नाही, उचलायला काही म्हणून नाही. मास्तरांनी एक उघडून पाहिलं, आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीकडे घटकाभर टक लावली आणि शाळा चुकवलेल्या मुलासारखं गुपचूप बंद केलं. त्यांचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, मोबाइल दुरुस्त करायचा. त्याने लॅपटॉपला एक वायर जोडली आणि मास्तर ज्याला अर्धा दिवस घ्यायचे ते काम चहा निवायच्या आत करून दाखवलं. दलालाने एका शब्दाने न सांगता दुकान बदललं. भिंग कपाटात गेलं. मास्तरांनी दुकान सोडलं, डिपॉझिटच्या सुटलेल्या पैशांत मोटरसायकल घेतली आणि पार्सल पोचवणाऱ्या कंपनीत अर्ज केला. तिथे एकच अट होती, दुचाकी स्वतःची हवी.

एकच, असं त्यांना वाटलं.

कंपनीचं ऑफिस म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. आत रस्त्यांचे नंबर घातलेले लोखंडी रॅक, खाली घरंगळलेली खोकी, चिकटपट्टीचा करकर आवाज. टोकाला काचेच्या खोलीत मॅडम. वयाने मास्तरांच्या धाकट्या बहिणीएवढ्या, चष्मा मोठा आणि बोलणं छोटं. पहिल्याच दिवशी त्यांनी मागच्या फळ्याकडे पेन केलं.

"काका, एक महिना कच्चे. मग पक्के. पेट्रोल आपल्या पंपावरून चिठ्ठीवर मिळेल. रोज काम सुटताना मीटरचा फोटो टाकायचा. गाडीने लिटरला पंचावन्न दिलं पाहिजे. शेवटच्या आठवड्याचा आकडा धरतो आम्ही. कमी दिलं तर पक्कं करत नाही."

"पंचावन्न?" मास्तर हसले. "कंपनीच्या कागदावर पासष्ट लिहिलंय, मॅडम. वरचे दहा तुम्हाला बक्षीस."

पहिल्या शनिवारी मॅडमनी चिठ्ठ्या आणि फोटो जुळवले. एक्केचाळीस.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते थेट शोरूममध्ये. मेकॅनिकने गाडी उभ्या उभ्या सुरू केली, कान दिला, बंद केली.

"काका, ठणठणीत आहे. नवीन इंजिन आवळलेलं असतं. आतले भाग अजून एकमेकांना घासून बसायचेत. हजार किलोमीटर होऊ द्या. तोवर चाळीसच्या वर जाऊ नका, डबल सीट घेऊ नका, एकदम पिळू नका. रनिंग संपलं की अ‍ॅव्हरेज आपोआप येईल."

'रनिंग संपलं की येईल.' पुढच्या आठवड्यात हे वाक्य मास्तरांना पंपावरच्या माणसाने सांगितलं, टायरमध्ये हवा भरणाऱ्याने सांगितलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका वकिलाने सांगितलं, ज्याच्याकडे गाडीच नव्हती. सगळे सांगत होते ते खरंच असणार. अडचण एवढीच होती, की पार्सलचा रस्ता छोटा. दिवसाला तीस-बत्तीस किलोमीटर. मास्तरांनी बोटांवर हिशेब करून पाहिला. हजार पूर्ण होणार होते महिना संपल्यावर चार दिवसांनी.

म्हणजे इंजिन पक्कं होण्याआधी माणसाने पक्कं व्हायचं होतं.

मग त्यांनी गाडी अशी चालवली, की बघणाऱ्याला वाटावं मागे अंड्यांची टोपली आहे. वेग चाळीसवर. शाळेतल्या मुली सायकलवरून पुढे जायच्या आणि वळून बघायच्या. मागून ट्रकवाला हॉर्नवर कोपर ठेवूनच यायचा. शिवाय दर दुसऱ्या दारात थांबायचं, बेल मारायची, फोनवर सही घ्यायची, पुन्हा पहिला गिअर. अशा चालीला अ‍ॅव्हरेज येतं कुठलं? दुसरा शनिवार, बेचाळीस.

बायकोला तर त्यांनी गाडीवर बसूच दिलं नाही.

"म्हणजे मी ओझं?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"अगं, रनिंग संपेपर्यंत. मेकॅनिक म्हणालाय."

"लग्नानंतर तीस वर्षं थांबले, आता हजार किलोमीटर थांबते." आणि पिशवी घेऊन चालू लागली. मास्तर पहिल्या गिअरवर तिच्या शेजारून थोडं अंतर गेले, मग त्यांना आठवलं की पहिल्या गिअरवर पेट्रोल जास्त जातं, आणि ते पुढे निघून गेले. 

पण एक गोष्ट मास्तरांनी तिलाही सांगितली नव्हती. रोज संध्याकाळी गाडी जिन्याखाली लावली, की ते जरा वेळ मीटर बघत उभे राहायचे. दोनशे अठरा. दोनशे एकोणपन्नास. हे आकडे कुणी बसवले नव्हते. रस्त्याने बसवले होते. तीस वर्षांत हजारो मीटरं हातांखालून गेली, त्यातलं एकही बंद करताना खरं नव्हतं. हे एक होतं. चुकून स्वतःच्याच मुलाला पहिल्यांदा नीट पाहावं, तसे ते पाहायचे. किल्ली काढली की आकडा विझायचा, आणि ते वर यायचे.

दुसऱ्या शनिवारी बेचाळीस निघाल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचं काम चांगलं आहे. एकही खोकं चुकलं नाही. पण शेवटच्या आठवड्यात पंचावन्न दिसलं पाहिजे."

"मॅडम, नवीन इंजिन आहे. रनिंग संपलं की..."

"मला रनिंग कळत नाही. मला महिना कळतो."

'दिसलं पाहिजे.' मास्तर घरी येईपर्यंत तो एक शब्द तोंडात घोळवत होते. असलं पाहिजे, असं बाई म्हणाल्या नव्हत्या. दिसलं पाहिजे. आणि दिसायला लावणं हा तर त्यांचा धंदा!

रविवारी दुपारी ते साडूच्या दुकानात गेले. त्यांना बघून साडूला खुर्ची देण्याची घाई झाली, कारण ज्याच्या पोटावर आपला पाय पडलाय त्याला माणूस खुर्ची आधी देतो.

"या या साडूभाऊ! आज वाट कशी चुकलात?"

"मीटरचं काम आहे."

"तुमचं? मीटरचं? माझ्याकडे?" साडू इतका हसला की शेजारचा चष्मेवाला बाहेर येऊन बघून गेला. "किती मागे घ्यायचंय?"

"मागे नाही," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "पुढे."

साडूचं हसू अर्ध्यावर थांबलं. अशी मागणी त्याच्याकडे कुणी केली नव्हती. पण कारागीर होता गडी. त्याने हरभऱ्याएवढी एक डबी काढली. चाकाकडून मीटरकडे जाणाऱ्या वायरमध्ये ती बसवायची, की चाक चार वेळा फिरलं तर मीटरला पाच वेळा कळायचं. वर एक बारीक स्क्रू होता. पिळला की पाचाचे साडेपाच, सैल केला की साडेचार.

"एकदम वाढवू नका बरं का, साडूभाऊ. संशय येतो."

"मला शिकवतोस?" मास्तर म्हणाले, आणि कपाटात गेलेला माणूस क्षणभर बाहेर आला. "आधी थोडं. मग रोज थोडं थोडं. इंजिन मोकळं होतं तसं. मंगळवारी जरा कमीच दाखवायचं. खऱ्या गोष्टी एका दमात चढत नाहीत."

"गुरू ते गुरूच!" साडूने कान पकडले.

त्या दिवसापासून मास्तर रोज सकाळी जिन्याखाली बसून भिंग लावायचे आणि स्क्रू फिरवायचे. कधी एक आटा, कधी पाव, कधी उलटा. एकेका दिवसाचा आकडा असा घडवायचे, की मॅडम काय, देवालाही पटावा. आणि किती फिरवला ते कुठेही लिहायचे नाहीत. सवयच ती. दोन-चार दिवसांनी एक गंमत झाली. गाडीचा वेग दाखवणारा आकडाही त्याच वायरवर चालत होता. मीटरवर चाळीस दिसत, तेव्हा गाडी खरं तर तिशीच्या आसपास रांगत होती. मेकॅनिकने चाळीसच्या वर जाऊ नका म्हटलं होतं, मास्तर जात नव्हते. मुली आता सायकल न दामटताही पुढे जाऊ लागल्या.

तिसरा शनिवार, शेहेचाळीस. मॅडम म्हणाल्या, "बघा, येतंय की!"

चौथा शनिवार. चिठ्ठ्या जुळवल्या. पंचावन्नला तीन दशांश वर. गोल आकडा नाहीच. मास्तर काचेच्या खोलीत उभे होते आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या हातांचा अभिमान वाटत होता.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काका, बसा."

बसा म्हटलं, तिथेच मास्तरांना कळायला हवं होतं.

"हा तुमचा गुरुवारचा फोटो. मीटरप्रमाणे तुम्ही त्रेचाळीस किलोमीटर गेलात. आणि हा तुमचा फोन. तुम्ही पार्सल पोचवता, सही घेता तो. तो सांगतो, एकतीस. फोन तुमच्याच खिशात होता ना?"

"होता."

"मग तुमची गाडी तुम्हाला सोडून बारा किलोमीटर कुठे जाऊन आली?"

दारात सह्या करायला उभे असलेले दोघे फिसकन हसले. मास्तरही ओठ हलवून हसायला गेले, पण ते जमलं नाही.

"फोन किलोमीटर मोजतो?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मीटरचा फोटो कशाला मागता, मॅडम?"

"जुना नियम आहे. फळ्यावरून पुसायचा राहिलाय." त्यांनी खांदे उडवले. "आणि नवीन गाडीला पंचावन्नची अट आम्ही ताणत नाही. तुमच्या नावापुढे मी मागच्याच आठवड्यात पक्के लिहिलं होतं. आता वर कळवावं लागलं. उद्यापासून येऊ नका."

शेडमध्ये चिकटपट्टी करकरत होती. कुणीतरी कुणाला तरी नऊ नंबरचं खोकं मागत होतं. मास्तर उठले नाहीत. मॅडमना वाटलं, आता हात जोडतील, घरची परिस्थिती सांगतील. त्यांनी तोंड आधीच तसं कडक करून ठेवलं. पण मास्तरांनी विचारलं ते भलतंच.

"नोकरीचं जाऊ द्या, मॅडम. फोनप्रमाणे माझ्या गाडीने शेवटच्या आठवड्यात लिटरला किती दिलं, तेवढं सांगता?"

"आता काय करायचंय त्याचं?"

"मला माहीत नाही म्हणून."

"काका, कमाल करता बाई तुम्ही! मीटर फिरवणारे तुम्ही आणि खरं आम्ही सांगायचं?"

असं म्हणाल्या, तरी नजर गेलीच त्यांची पडद्यावर. त्यांच्या मोठ्या चष्म्यात तो पडदा दिसत होता, आणि पडद्यावर एक आकडा, उलटा, तांदळाएवढा. मास्तर पुढे झुकले. ज्या डोळ्यांनी चाकांवरचे पुसट आकडे वाचण्यात आयुष्य काढलं, ते डोळे त्यांनी बारीक केले. पहिला अंक चार होता की पाच? तेवढ्यात मॅडमनी मान वळवली आणि बटण दाबलं.

घरी जिन्याखाली त्यांनी ती डबी काढून टाकली. मीटरवर एक हजार छप्पन्न होते. बायको जिन्यावरून वाकून मीटर बघत म्हणाली, "हजार झाले की! संपलं ना रनिंग?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे? समोर तर दिसतंय."

 दोन आठवडे स्क्रू कसाही फिरला होता आणि मूळ आकडा कुठेच नव्हता. कदाचित आठशे ऐंशी. कदाचित साडेनऊशे. कदाचित इंजिन मधल्या काळात खरंच मोकळं झालं होतं, आपणहून पंचावन्न देत होतं, आणि त्यांनी त्यावर फुकटची मेहनत केली होती. कदाचित ते कधीच देणार नव्हतं. पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने मीटर बघितलं आणि खुशीत म्हणाला, "काका, हजार पार! आता पळवा बिनधास्त."

"नसतील झाले."

"अहो, मीटर सांगतंय ना!"

मास्तरांना त्याची कीव आली. ते परत आले तेही चाळीसनेच.

पुढे तीन कंपन्यांत त्यांनी अर्ज केले. कुठेही आधी हसून स्वागत, मग संगणकात नाव, मग हसू बंद. या कंपन्यांचे फोनही बहुतेक एकमेकांशी बोलत असावेत. पेट्रोलची चिठ्ठी नाही, त्यामुळे टाकी भरायची तर कुठे जायला, हा प्रश्न. गाडी जिन्याखाली उभी राहून तिच्यावर धूळ बसली. एक दिवस बायकोच म्हणाली, "विकून टाका. बघवत नाही."

दलालाकडे जायला निघाले तेव्हा मास्तरांनी मागची सीट फडक्याने पुसली.

"बस."

"रनिंगचं काय मग?"

"बस गं."

ती बसली. पहिल्यांदाच. पिशवी मांडीवर घेतली, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. सबंध रस्ताभर वेग चाळीसवर होता, मागून हॉर्न वाजत होते, आणि ती एकदाही जोरात चला म्हणाली नाही. फक्त चौकातल्या सिग्नलला थांबले तेव्हा म्हणाली, "छान बसायला आहे हो."

दलालाने पाठीवर थाप मारली. "मास्तर! तुमची गाडी म्हणजे डोळे मिटून घेणार. एक हजार सत्तर दिसतंय. मुळात किती?"

"माहीत नाही."

"अरे वा! माझ्याशीसुद्धा नियम पाळता?" दलाल गडगडून हसला. "ठीक आहे. तुमच्या साडूला बोलावतो. चारशे टाकू? गिऱ्हाइकाला अगदी नवीकोरी वाटेल."

"चारशे बारा टाका," मास्तर म्हणाले. ते त्यांच्या तोंडून आपोआप आलं.

बायको बाहेर फुटपाथवर पिशवी धरून उभी होती. दलालाने किल्ली खिशात टाकली आणि जाता जाता वळला.

"आणि अ‍ॅव्हरेज? विचारतात हो हल्ली सगळे. काय सांगू?"

मास्तरांनी गाडीकडे पाहिलं. मीटर विझलेलं होतं.

"सांगा, अजून रनिंग संपायचंय," ते म्हणाले. "संपलं की येईल."